तुषार संचातील बिघाड : ओळख, दुरुस्ती आणि गावाची जबाबदारी

पाण्याची बचत करणारे साधन म्हणून तुषार सिंचनाचा पुरस्कार गेली कित्येक वर्षे सातत्याने होत आला आहे. संच कसा निवडावा, अनुदानासाठी अर्ज कोठे करावा, कोणत्या पिकास किती पाणी द्यावे, यासंबंधीची माहिती शेतकऱ्यांपर्यंत बऱ्यापैकी पोहोचली आहे. परंतु बसविलेला संच दोन-तीन हंगामांनंतर नीट चालेनासा झाला म्हणजे काय करावे, याविषयी मात्र फारसे सांगितले जात नाही. परिणामी ज्या संचात केवळ एखादी रबर रिंग बदलण्याची आवश्यकता असते, तो संच गोठ्याच्या माळ्यावर पडून राहतो आणि शेतकरी पुन्हा पाटाने पाणी देऊ लागतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत या दुर्लक्षाची किंमत इतर भागांपेक्षा अधिक मोजावी लागते. बिघाड कसा ओळखावा, कोणती दुरुस्ती स्वतः करावी, कोणती मिस्त्रीकडे सोपवावी आणि या कामी ग्रामपंचायतीने व शाळेने काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दोन जिल्हे, दोन प्रकारची शेती

पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचेच हे दोन भाग होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. चंद्रपूरच्या पश्चिमेकडील वरोरा, भद्रावती, चिमूर या तालुक्यांत काळ्या जमिनीवर कापूस, सोयाबीन, हरभरा व गहू ही पिके घेतली जातात. पूर्वेकडे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्हा हा धानाचा मुलूख आहे. पाऊस येथे भरपूर पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो. धान निघाल्यावर बांधीत उरलेल्या ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा यांसारखी पिके येतात. विहीर, बोडी अथवा नाल्याचे थोडेसे पाणी हाताशी असेल तर तुषार सिंचनाने ही पिके निश्चितपणे साधता येतात.

हरभऱ्याचेच उदाहरण घ्यावे. फुले येण्याच्या सुरुवातीस एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन संरक्षित पाणी त्यास फार उपयोगी पडतात. पाटाने पाणी दिल्यास भारी जमिनीत ते साचून पीक उबळण्याची भीती असते. तुषारांनी मोजके पाणी देता येते. परंतु घाटे भरण्याचा काळ थोडा असतो. त्याच आठवड्यात संच बंद पडला आणि मिस्त्री तालुक्याच्या गावाहून दहा दिवसांनी आला, तर दुरुस्ती होऊनही पिकाचे नुकसान टळत नाही.

बिघाडाची खरी किंमत

संच पूर्णपणे बंद पडणे हा बिघाडाचा एक प्रकार झाला. त्याहून फसवा प्रकार म्हणजे संच चालू असतो, तुषार उडताना दिसतात, परंतु पाणी अपुरे पडत असते. हे लक्षात येण्यासाठी थोडे गणित करणे इष्ट ठरेल.

साधारणपणे वापरात असलेला, ४ मिलीमीटर व ३.२ मिलीमीटर छिद्रांची दोन नोझल असलेला स्प्रिंकलर दर चौरस सेंटिमीटरला २.५ किलोग्रॅम एवढ्या दाबावर तासाला सुमारे १,६०० लिटर पाणी देतो. स्प्रिंकलर १२ मीटर बाय १२ मीटर अंतरावर मांडले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास १४४ चौरस मीटर जमीन येते. म्हणजे तासाला सुमारे ११ मिलीमीटर पाणी पडते. साडेतीन तास संच चालविल्यास ३८ ते ३९ मिलीमीटर पाणी मिळते व नंतर नळ्या पुढे हलविता येतात. दिवसा आठ तास वीज मिळते असे धरले, तर दोन पाळ्यांचे सात तास आणि नळ्या हलविण्याचा एक तास मिळून दिवसाचे काम दिवसाच पुरे होते.

आता हाच दाब २.५ वरून १.४ पर्यंत उतरला असे समजू. नोझलमधून बाहेर पडणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे पाणी सुमारे चतुर्थांशाने कमी होते. तेवढेच पाणी देण्यासाठी एका पाळीस साडेतीन तासांऐवजी चार तास चाळीस मिनिटे लागतात आणि दोन पाळ्या व नळ्या हलविणे मिळून दहा तासांहून अधिक वेळ जातो. दुसरी पाळी अंधारात जाते किंवा दुसऱ्या दिवसावर पडते. शिवाय कमी दाबावर थेंब मोठे होतात, दूरवर पोहोचत नाहीत आणि स्प्रिंकलरभोवती कडे पडल्यासारखे पाणी पडते. मधली जमीन कोरडीच राहते.

दुसरी पाळी अंधारात जाणे ही गोष्ट या दोन जिल्ह्यांत किरकोळ मानता येत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सभोवती आणि ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर शेताच्या धुऱ्यापर्यंत आहे. मानव-वन्यजीव संघर्षाच्या घटना राज्यात ज्या भागांत अधिक घडतात, त्यांत हा प्रदेश अग्रभागी आहे. अस्वल, बिबट व रानडुक्कर यांचा उपद्रव आहेच. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या हत्तींची त्यात भर पडली आहे. ज्या वीजवाहिन्यांवर कृषिपंपांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळते, तेथील शेतकऱ्यांपुढे हा धोका कायमच उभा असतो. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्या व सौर पंप यांमुळे तो कमी होऊ शकतो; पण संचच सदोष असेल तर दिवसाची वीजही पुरत नाही. म्हणून झिजलेले नोझल वेळीच बदलणे हा पाण्याच्या बचतीचा प्रश्न आहे, तसाच तो शेतकऱ्याने सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याचाही प्रश्न आहे.

प्रथम दाब पाहावा, मग पाना उचलावा

संच नीट चालत नाही असे दिसताच बहुधा एखादा स्प्रिंकलर खोलून पाहिला जातो. ही पद्धत योग्य नव्हे. तुषार संचाचे बहुतेक बिघाड हे दाबाचे बिघाड असतात आणि दाब कोठे हरवला हे कळल्याशिवाय कोणता भाग खोलावा हे ठरविता येत नाही. त्यासाठी दाबमापक हवा. एक दाबमापक पंपाच्या निर्गम नळीवर कायम बसवावा. तपासणीच्या वेळी दुसरा दाबमापक सर्वांत दूरच्या उभ्या नळीवर, स्प्रिंकलर काढून त्या जागी बसवावा. या दोन आकड्यांवरून पुढीलप्रमाणे निष्कर्ष काढता येतो.

पंपाजवळ दाब भरपूर आणि शेवटास कमी असेल, तर मध्येच कोठेतरी अडथळा आहे. गाळणी तुंबली असेल, नळीत गाळ बसला असेल किंवा नळ्यांची लांबी त्यांच्या व्यासाच्या मानाने फार वाढविली असेल. एकाच ओळीतील पहिल्या व शेवटच्या स्प्रिंकलरच्या दाबात २० टक्क्यांहून अधिक फरक असू नये.

दोन्हीकडे दाब पुरेसा असून तुषार मात्र नीट उडत नसतील, तर दोष त्या स्प्रिंकलरमध्येच आहे. नोझलमध्ये कचरा अडकलेला असतो किंवा फिरणारा भाग जाम झालेला असतो.

दोन्हीकडे दाब कमी असेल, तर दोन शक्यता उरतात. एक तर पंप पुरेसा दाब देत नाही, किंवा पंप ठीक असून पुढे पाणी प्रमाणाबाहेर वाहून जात आहे. यांतील भेद ओळखण्याची रीत सोपी आहे. पंप चालू असताना निर्गम नळीवरील व्हॉल्व्ह हळूहळू बंद करून काही क्षण दाबमापक पाहावा. काटा झपाट्याने वर चढला, तर पंप चांगला आहे. गळती, झिजलेले नोझल अथवा गरजेपेक्षा जास्त स्प्रिंकलर यांमुळे दाब उतरत आहे. काटा चढलाच नाही, तर दोष पंपात, त्याच्या चूषण नळीत किंवा विजेत आहे. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाहून अधिक लांबवू नये. बंद व्हॉल्व्हवर पंप चालत राहिल्यास तो तापतो.

पंपापासून नोझलपर्यंत

दोषाची दिशा कळल्यावर तपासणी पाण्याच्या ओघाबरोबर, म्हणजे पंपापासून नोझलकडे करीत जावी.

पंप. विहिरीवरील अथवा नाल्यावरील मोनोब्लॉक पंप पाणी सोडून देत असेल, तर प्रथम फूट व्हॉल्व्ह पाहावा. खेड्यापाड्यांत यालाच ‘फुटबॉल’ म्हणतात. त्याच्या झडपेत काडी वा खडा अडकला, किंवा झडपेचे चामडे झिजले, तर पंप बंद होताच चूषण नळी रिकामी होते. चूषण नळीचा एखादा सांधा हवा ओढत असेल, तर पंप आवाज करतो आणि पाणी तुटकपणे येते. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळणे आवश्यकच असते. धार लागली तर ग्लँड डोरी बदलावी. आणखी एक दोष विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीजवाहिनीची अथवा रोहित्राची दुरुस्ती झाल्यानंतर तीन फेजचा क्रम बदलून मोटार उलट फिरू लागते. पंप चालल्यासारखा वाटतो, परंतु दाब येत नाही. पंपावरील बाणाची दिशा पाहिल्यास हे तत्काळ कळते; वायरमन दोन तारांची अदलाबदल करून देतो.

गाळणी. विहिरीच्या पाण्यात वाळू असते, तर बोडीच्या व तलावाच्या पाण्यात शेवाळ, पाने व गाळ असतो. वाळूसाठी हायड्रोसायक्लोन, शेवाळासाठी वाळूची गाळणी आणि त्यापुढे जाळीची गाळणी अशी योजना असते. गाळणीच्या आधीचा व नंतरचा दाब यांत ०.५ किलोग्रॅमहून अधिक फरक पडू लागला की गाळणी धुवावी. जाळी तारेच्या ब्रशाने घासू नये. ती फाटल्यास कचरा थेट नोझलपर्यंत जातो.

नळ्या व जोड. फिरत्या संचातील काळ्या एच.डी.पी.ई. नळ्या सहा मीटर लांबीच्या असून क्लॅम्पने एकमेकींस जोडल्या जातात. जोडातील रबर रिंग पाण्याच्या दाबानेच फुगून घट्ट बसते. त्यामुळे पंप सुरू होताना व बंद होताना जोडांतून थोडे पाणी गळणे स्वाभाविक आहे. पूर्ण दाब आल्यावरही गळती चालू राहिली तर क्लॅम्प सोडून रिंग बाहेर काढावी, खोबणीतील माती धुवावी, रिंगेस चीर पडली आहे काय ते पाहावे आणि ती योग्य बाजूने बसवावी. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून केलेला उपाय एखादा दिवस निभावून नेतो. त्यावर हंगाम काढता येत नाही. प्रत्येक ओळ सुरू करण्यापूर्वी शेवटची टोपी काढून मिनिटभर पाणी वाहू दिल्यास नळीतील माती, किडे व कधी शिरलेला बेडूकही बाहेर पडतो.

स्प्रिंकलर. स्प्रिंकलर फिरत नसेल, तर प्रथम उभी नळी सरळ आहे काय ते पाहावे. नंतर नोझल काढून आरपार पाहावे व कचरा लाकडी काडीने काढावा. तार वा खिळा वापरू नये. छिद्राची कड बिघडली की तुषार फुटतात. स्प्रिंग सैल झाली असेल, तर हातोडीसारखा हलणारा दांडा मागे परतत नाही. फिरणाऱ्या भागातील वॉशर झिजले असतील, तर तेथून पाणी गळते व फिरण्याची गती बदलते. या भागास तेल किंवा ग्रीस कदापि लावू नये. पाणी हेच त्याचे वंगण होय. तेलास माती चिकटते आणि वॉशर फुगून निकामी होतात.

नोझलची झीज डोळ्यांस दिसत नाही. ४ मिलीमीटरचे छिद्र ४.५ मिलीमीटर झाले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. आठ स्प्रिंकलरपैकी प्रत्येकाचे नोझल असे झिजले, तर पंपाचा दाब आपोआप उतरतो. यासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत. नोझलच्या मूळ मापाच्या ड्रिल बिटाचा गुळगुळीत मागचा भाग छिद्रात घालून पाहावा. तो सैल हलला तर नोझल बदलावे. दुसरी परीक्षा बादलीची. दोन्ही नोझलवर रबरी नळीचे तुकडे सैलसर बसवून पाणी १५ लिटरच्या बादलीत घ्यावे. वर सांगितलेल्या मापाच्या स्प्रिंकलरने २.५ दाबास बादली सुमारे ३४ सेकंदांत भरावी. त्याच दाबावर ती फार लवकर भरली तर नोझल झिजले आहे, आणि फार उशिरा भरली तर तुंबले आहे.

स्वतः करावयाची व न करावयाची कामे

वरील विवेचनावरून दिसून येईल की, गाळणी धुणे, रबर रिंग व वॉशर बदलणे, नोझल स्वच्छ करणे वा बदलणे, स्प्रिंग व क्लॅम्प बदलणे, फूट व्हॉल्व्हची झडप साफ करणे ही कामे शेतकरी स्वतः करू शकतो. त्यांना एक-दोन पाने, दाबमापक, बादली आणि घड्याळ एवढेच साहित्य लागते. मात्र कोणताही जोड खोलण्यापूर्वी पंप बंद करून दाब उतरू द्यावा. दाबाखालील क्लॅम्प सोडल्यास नळी उसळून इजा होते.

काही कामे मात्र स्वतः करू नयेत. मोटार जळणे, स्टार्टर अथवा केबलमधील दोष, अर्थिंग नसणे, फेज उलट होणे ही कामे परवानाधारक वायरमननेच केली पाहिजेत. बोअरमधील पंप वर काढण्यास चेन-पुली व माहीतगार माणसे लागतात. फाटलेली एच.डी.पी.ई. नळी कोणत्याही चिकट द्रव्याने जोडली जात नाही. फाटका भाग कापून, दोन्ही टोके तापलेल्या तव्यावर वितळवून व एकमेकांवर दाबून जोडावी लागतात, आणि हे काम ते यंत्र असलेल्या कारागिराचेच आहे.

येथे दोन सूचना आवश्यक वाटतात. तुषारांचा झोत विजेच्या तारांवर पडेल अशा रीतीने संच मांडू नये आणि ओल्या शेतात उघडी केबल टाकू नये. तसेच रानडुकरांपासून बचाव म्हणून कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचा प्रकार हा गुन्हा तर आहेच, परंतु दुरुस्तीसाठी अनोळखी शेतात आलेल्या माणसाच्या जिवावरही तो बेतू शकतो. मिस्त्रीला शेतात नेण्यापूर्वी आजूबाजूच्या कुंपणांची खात्री करून घ्यावी आणि दुरुस्तीचे काम दिवसाच उरकावे.

मिस्त्री बोलाविताना

संच हमीच्या मुदतीत असेल, तर प्रथम हमीपत्र पाहून पुरवठादारास लेखी कळवावे. केंद्र शासनाच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत लहान व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतर शेतकऱ्यांना ४५ टक्के अर्थसाहाय्याची तरतूद असून राज्य शासन त्यास पूरक अनुदान देत आले आहे. अशा रीतीने घेतलेल्या संचाचे देयक, हमीपत्र व मांडणीचा नकाशा एका पाकिटात जपून ठेवावा. बिघाड झाल्यावर त्याचाच आधार असतो.

मुदत संपली असेल, तर मिस्त्री निवडताना काही पथ्ये पाळावीत. येण्याजाण्याचा खर्च, मजुरी आणि सुट्या भागांची किंमत हे तीनही आकडे आधी वेगवेगळे विचारून घ्यावेत. संच खोलण्यापूर्वी तो चालवून दाखवावा आणि दाबमापकाचे आकडे लिहून ठेवावेत. बदललेले जुने भाग परत मागावेत. नवीन नळ्या आय.एस. १४१५१ व स्प्रिंकलर आय.एस. १२२३२ या मानकांप्रमाणे चिन्हांकित आहेत काय ते पाहावे. दुरुस्तीनंतर संच किमान अर्धा तास चालवावा, पुन्हा दाब मोजावा व मगच उरलेली रक्कम द्यावी. “पंपच बदलावा लागेल” असे मिस्त्रीने म्हटल्यास, व्हॉल्व्ह बंद करून घेतलेली दाबाची परीक्षा त्याच्यासमोर करावी. पुष्कळदा पंप निर्दोष असून आठ झिजलेली नोझल बदलल्याने काम भागते. जो मिस्त्री आपण काय केले हे शेतकऱ्यास समजावून सांगतो, त्यासच पुन्हा बोलवावे.

कार्यालयाची हिरवळ, शाळेची बाग व रोपवाटिका

हेच नियम शासकीय कार्यालयांच्या आवारातील हिरवळ, शाळेची परसबाग आणि वन विभागाच्या रोपवाटिका यांनाही लागू पडतात. हिरवळीतील नळ्या जमिनीखाली असल्याने गळती दिसत नाही. परंतु एखादाच भाग सदैव चिखलमय राहिला किंवा तेथील गवत अधिक गर्द झाले, तर त्याखाली नळी फुटली आहे असे समजावे. पाणी बंद केल्यावरही एखाद्या ओळीतून ते झिरपत राहिले, तर व्हॉल्व्हच्या पडद्याखाली खडा अडकलेला असतो. व्हॉल्व्ह खोलून धुतल्याने दोष जातो. जमिनीतून वर येणारा स्प्रिंकलर अर्धवटच वर येत असेल, तर त्याच्या भोवतालची माती व गवत काढावे आणि मग दाब पाहावा. अशा ठिकाणी बिघडलेला संच पाहून माळी रबरी नळीने पाणी मारू लागतो आणि कोणीही तक्रार करीत नाही. कार्यालयप्रमुखांनी महिन्यातून एकदा संच चालू असताना फेरी मारल्यास हे टळेल.

उन्हाळ्यातील साठवण

रब्बीचा हंगाम संपल्यावर संच कोठे व कसा ठेवला जातो, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. धुऱ्यावर रचून ठेवलेल्या नळ्या या भागात सुरक्षित नसतात. फेब्रुवारीपासून पुढे जंगलात वणवे लागतात. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, धुरेही पेटविले जातात, आणि अशा आगीत नळ्या क्षणात वितळतात. म्हणून नळ्या धुऊन, पाणी निथळू देऊन घरी आणाव्यात व छपराखाली आडव्या, सपाट आधारावर ठेवाव्यात. रबर रिंगा काढून, पुसून, उंदरांपासून दूर व सावलीत टांगाव्यात. नोझल व स्प्रिंग एका डब्यात ठेवून त्यावर संख्या लिहावी. नवीन हंगामाच्या आरंभी, म्हणजे हरभरा पेरण्यापूर्वीच, संच एकदा चालवून पाहावा. घाटे भरताना आढळणारा दोष ऑक्टोबरातच सापडल्यास त्याची दुरुस्ती स्वस्तही पडते व वेळेवरही होते.

गावाने काय करावे

दुरुस्तीची जबाबदारी निश्चित नसली म्हणजे चांगल्या साधनाचीही कशी दुरवस्था होते, याचे उदाहरण या भागातच आहे. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांची पाळ, सलंग व पाट यांची दरवर्षीची डागडुजी पूर्वी मालगुजार व गावकरी मिळून करीत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. जमीनदारी व्यवस्थेचा अंत होणे न्याय्यच होते. परंतु डागडुजीची जुनी व्यवस्था मोडली आणि तिची जागा घेणारी नवी व्यवस्था गावोगावी तेवढ्याच तत्परतेने उभी राहिली नाही. अनेक तलाव गाळाने भरले. मालक बदलला तरी दुरुस्ती करणारा हात ठरलेला असला पाहिजे, हा त्यातील बोध होय. अनुदानातून आलेल्या तुषार संचांनाही तो लागू पडतो.

ग्रामपंचायतीस या कामी मोठा खर्च करावा लागत नाही. गावात किंवा दोन-तीन गावे मिळून एक सुट्या भागांची पेटी असावी. तीत नेहमीच्या मापाच्या रबर रिंगा, वॉशर, नोझल, स्प्रिंग, क्लॅम्प, ग्लँड डोरी आणि दोन दाबमापक ठेवावेत. वस्तू नेणाऱ्याने किंमत भरावी आणि त्या पैशातून पेटी पुन्हा भरावी. दाबमापक मात्र वापरून परत करावयाचे. ग्रामपंचायतीच्या फलकावर जवळचा वायरमन, पंप मिस्त्री व नळी जोडणारा कारागीर यांची नावे व ठरलेले दर लिहावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर वा वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला गावातील एखादा तरुण अथवा तरुणी या कामासाठी पुढे येत असेल, तर दहा-बारा संचांच्या वार्षिक देखभालीचे काम त्यांच्याकडे सोपविता येईल. त्यांना गावातच काम मिळेल आणि शेतकऱ्यास तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागणार नाहीत.

शिक्षण देण्याची सोयही दूर शोधावयास नको. सिंदेवाही येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. कृषि विज्ञान केंद्रे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या तज्ज्ञांना एक दिवस गावी बोलावून चालू संचावर प्रात्यक्षिक घ्यावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यास गटाची पद्धत रूढ केली; एखादा विषय गावकऱ्यांनी एकत्र बसून समजून घ्यावयाचा व मग ग्रामसभेत निर्णय करावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. तुषार संचाची दुरुस्ती हा अशा अभ्यासास अत्यंत योग्य विषय आहे. शाळांमध्येही बादली व घड्याळ यांच्या साहाय्याने पाण्याचा प्रवाह मोजणे, छिद्राच्या व्यासावरून क्षेत्रफळ काढणे, दाब व प्रवाह यांचा संबंध तपासणे हे प्रयोग सहज करता येतील. विद्यार्थ्यांना गणित व विज्ञान कळेल आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरचा संचही दुरुस्त होईल.

साधन विकत घेतल्याने शेतीची प्रगती सुरू होते. ते चालू ठेवल्याने ती टिकते. या रब्बी हंगामापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील तुषार संचांची यादी करावी, त्यांतील बंद किती व कशामुळे याची नोंद घ्यावी आणि किमान एक दाबमापक आणून ठेवावा. बंद संचांपैकी बरेचसे रबर रिंग, वॉशर व नोझल यांच्यावाचूनच अडलेले आढळतील. ते सुरू झाले, म्हणजे हरभऱ्याचे पाणी वेळेवर होईल आणि शेतकऱ्यास उजेड असतानाच घरची वाट धरता येईल.